आतल्या मशीनमध्ये अजून थंडी होती

कारखान्यात तिला सगळे वन्सं म्हणत. मालक म्हणत, कामगार म्हणत, दोऱ्याची खोकी उतरवायला येणारा टेम्पोवालासुद्धा दारातूनच ओरडे, "वन्सं, माल आलाय!" खरं तर ती एकाच बाईची वन्सं होती, तिच्या भावजयीची. पण भावजय दिवसभर "वन्सं, हे बघा", "वन्सं, माझी कात्री कुणी नेली" अशा हाका मारत त्या दोन खोल्यांतून फिरायची, आणि ऐकून ऐकून ती हाक सगळ्यांच्याच तोंडी बसली. आता हाक मारणारी उरली नव्हती. हाक तेवढी राहिली होती.

कारखाना लेबलांचा. शर्टाच्या मानेशी आतल्या बाजूला कापडी पट्टी शिवलेली असते ना, दुकानाचं नाव, एखादं चित्र, धुवायच्या सूचना, ती. कुणी ती वाचत नाही. मानेला टोचली की मात्र शिव्या घालत कात्री घेऊन बसतात. वहिनी म्हणायची, "आपण एवढं मरमर करून विणायचं आणि लोकांनी आपल्याला कधी ओळखायचं? तर टोचल्यावर!"

मोठ्या खोलीत माग होते. त्यातून वेणीच्या फितीसारखी अरुंद, लांबच लांब फीत खाली उतरत राही. एकाखाली एक, एकाखाली एक, सारखीच लेबलं. नंतर ती कापून सुटी करायची. वन्संचा थोरला भाऊ, दादा, हा त्या मागांचा मेकॅनिक. त्याच्या कानांना मागाच्या खडखडाटाची इतकी सवय, की घरी शांत जागी त्याला झोप लागत नसे. शेजारच्या छोट्या खोलीत मध्ये काच, काचेपाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. त्या खुर्चीत वहिनी बसायची आणि चौकटीच्या जाळीवर एकेक चौकोन भरून लेबलाचं चित्र काढायची. एक चौकोन म्हणजे मागावरचा एक टाका. लग्न न केलेली नणंद घरात नुसती बसून काय करणार, म्हणून वहिनीनेच एके दिवशी वन्संना खुर्चीशेजारी स्टूल दिलं होतं. माउसवर वन्संचा हात, त्यावर वहिनीचा हात, आणि "हं, आता हळूच. भाकरी थापायची नाहीये, वन्सं, टाका घालायचाय."

आता त्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायला हवी, कारण बाकी सगळं तिथूनच सुरू होतं.

चित्र काढायचा आणि मागाला हुकूम द्यायचा प्रोग्रॅम फार जुना होता. बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेलेली. नव्या कुठल्याच कॉम्प्युटरवर तो चालेना, आणि जुन्या कॉम्प्युटरमधून एके दिवशी धूर निघाला. मग एक पोट सुटलेला, हळू बोलणारा माणूस बोलावला गेला. तो यंत्रांना हात लावण्याआधी रुमालाने हात पुसायचा, म्हणून वहिनीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव डॉक्टर ठेवलं. डॉक्टरने जळलेल्यातलं जे वाचलं ते सगळं जसंच्या तसं उचललं आणि नव्या कॉम्प्युटरच्या आत नेऊन ठेवलं. नव्या पडद्यावर एक खिडकी, आणि त्या खिडकीत अख्खाच्या अख्खा जुना कॉम्प्युटर: तीच निळी पार्श्वभूमी, तीच जाड अक्षरं, सुरू होताना तोच सूर.

"हे कसं काय?" वहिनीने विचारलं होतं.

"बाहेरच्याला वाटतं ही आपली एक फाइल आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि आतल्याला वाटतं मी खराखुरा कॉम्प्युटर आहे. आपण कुणाच्या तरी पोटात आहोत याचा त्याला पत्ताच नाही."

"अय्या, माझंच आहे की! मलाही वाटतं, घर मीच चालवते."

"मग चालवतं कोण?" वन्संनी विचारलं.

"आमच्या वन्सं!" असं म्हणून वहिनी इतकी हसली, की काचेपलीकडून दादा वाकून बघायला लागला.

डॉक्टरने जाताना एकच गोष्ट बजावली. आतलं मशीन पुरतं बंद केलं, की मागाशी त्याची ओळख पुन्हा पटायला सकाळ जाते. त्यामुळे रोज बंद करायचं नाही. संध्याकाळी फक्त गोठवायचं. गोठवलं की आतलं सगळं आहे तिथे थांबतं, उघड्या खिडक्या, अर्धवट चित्रं, टिकटिकणारा बाण, सगळं. सकाळी पुन्हा जागं केलं की पुढच्या क्षणापासून सुरू. आतल्याला कळतही नाही, मध्ये काही गेलं म्हणून.

त्याचा एक परिणाम झाला, तो त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आला. आतलं घड्याळ मागे पडायला लागलं. रात्री आत घडतच नव्हत्या. सुट्ट्या घडत नव्हत्या. बाहेर उन्हाळा लागला तरी आत थंडीच चाललेली. डॉक्टर म्हणाले, घड्याळ जुळवून देतो. वहिनीने त्यांना हात लावू दिला नाही. "राहू द्या हो. ऑर्डरींच्या तारखा आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघतो. निदान तिथे तरी माझं वय वाढायला नको."

त्या वेळी सगळे हसले होते.

एका दुपारी वहिनी ब्लँकेटवाल्याच्या लेबलासाठी मेंढी काढत होती. डबा खाऊन झाला होता. मान चोळत ती म्हणाली, "डोकं फारच ठणकतंय आज." दादा तिला दवाखान्यात न्यायला स्कूटर काढत होता. तिने सवयीने मशीन गोठवलं, चप्पल घातली, दारातून मागे वळून म्हणाली, "आलेच, वन्सं." डोक्यातली कसलीशी शीर फुटली होती. ती आली नाही.

मधले दिवस वन्संना नीटसे आठवत नाहीत. ब्लँकेटवाल्याने ऑर्डर दुसरीकडे दिली एवढं आठवतं. पुढे मालकांनी "आता तुम्हीच बसा, वन्सं" म्हटलं आणि त्या त्या खुर्चीत बसल्या. खुर्चीची गादी वहिनीच्या बसण्याने एका बाजूला दबलेली होती, तिकडे तोल जाई. त्यांनी मशीन जागं केलं. पडद्यावर मेंढी होती.

पाय होते, शेपूट होतं, अंगभर लोकरीची वेटोळी, कान. डोळा नव्हता. डोळा नसल्यामुळे ती धड मेंढीही दिसत नव्हती, चार पायांवर उभा राहिलेला ढग दिसत होता. कोपऱ्यात तारीख होती, थंडीतली. बाहेर पंखे गरगरत होते, माणसं घामाने निथळत होती, आणि आतल्या तारखेप्रमाणे वहिनीला जायला अजून बराच अवकाश होता.

वन्संनी चित्र बंद करायला म्हणून कळफलकावर हात ठेवला, आणि चुकून 'मागे घ्या' दाबलं गेलं. मेंढीच्या पाठीवरचा एक टाका नाहीसा झाला.  त्यांनी घाईने 'पुढे न्या' दाबलं. टाका परत आला.

त्या तशाच बसून राहिल्या. मग जपून, जशी दुसऱ्याची पेटी उघडतात तशी, त्यांनी पुन्हा मागे घेतलं. एक टाका. आणखी एक. लोकरीचं एक वेटोळं उलगडत गेलं, ज्या क्रमाने काढलं होतं त्याच्या उलट. मग पुढे नेलं. वेटोळं पुन्हा जमत आलं, खालून वर, डावीकडून उजवीकडे, शेवटचा टाका एक घर चुकून पलीकडे पडला, पुसला गेला, योग्य घरात आला. वहिनी तसंच करायची. नेहमी एक घर पलीकडे जायची आणि मग जीभ चावायची.

तो वहिनीचा हात होता. मशीन कधी बंदच झालं नव्हतं, त्यामुळे त्या दुपारी हाताने जे जे केलं, ते सगळं त्याच्या ध्यानात होतं.

तेव्हापासून वन्सं रोज जेवणाच्या सुट्टीत, माग थांबलेले असताना, तो हात बघत. आपल्या कामासाठी त्या प्रोग्रॅमची वेगळी खिडकी उघडत. वहिनीची खिडकी खालच्या पट्टीवर मिटून ठेवलेली असे. सुट्टी झाली की ती वर घ्यायची, मागे मागे जात कोऱ्या जाळीपर्यंत पोहोचायचं, आणि मग एकेक पाऊल पुढे. आधी पाय. वहिनीने अंगाच्या आधी पाय का काढले असतील? मग पोटाची रेघ. मग लोकर. मग कान. कानापाशी तिचं काहीतरी बिनसलं होतं. काढला, पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला, शेवटी लहानसा काढला. मग पाठीवरची उरलेली लोकर. बोट जेवढं सावकाश चालवावं तेवढा तो हात सावकाश चाले. थांबलं की थांबे. कधी कधी वन्संना वाटे, आपण थांबलो आहोत आणि हात मात्र पुढच्या घरावर येऊन, आपल्या परवानगीची वाट बघत उभा आहे. त्या वेळी त्यांच्या मानेवर काटा येई. तरी डोळे हलत नसत.

एक गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाणून घेतली होती, आणि तिने त्यांची झोप उडवली होती. मागे गेल्यावर त्या जाळीत चुकून एक जरी नवा टाका पडला, तर तिथून पुढचं सगळं कायमचं जातं. मशीन समजतं, हिने आता वेगळी वाट धरली. म्हणून हात बघताना त्या माउस उलटा करून ठेवत. आणि मशीन एकदा जरी बंद झालं तर आठवण सगळीच गेली. म्हणून दिवे गेले की जेवणाचा डबा तसाच टाकून त्या धावत सुटत. मशीनला बॅटरी जोडलेली होती, पण वन्संचा तिच्यावर विश्वास नव्हता.

"वन्सं लेकराला दूध पाजायला निघाल्या," कामगार म्हणायचे.

"पाजीन नाहीतर काय करीन. तुमच्यासारखं वाया जाऊ देऊ?" त्या धावता धावता उत्तर द्यायच्या.

कुणाला खरं सांगितलं नव्हतं. दादालाही नाही. सांगायचं तरी काय, की तुझी बायको रोज दुपारी माझ्यासमोर मेंढी काढते?

मग बाहेरचं मशीन कण्हायला लागलं. आधी बारीक कटकट, नख टेबलावर आपटल्यासारखी, मग लांबलचक घरघर. वन्संनी आठवडाभर कानाडोळा केला. पण दादाच्या कानाला यंत्राचं दुखणं लगेच कळतं. त्याने काचेपलीकडून एकदा ऐकलं आणि सरळ डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टरने हात पुसले, कान लावला, मान हलवली. "डिस्क चाललीये. आज जाईल, नाहीतर पुढच्या महिन्यात. पण जाणार. गेली की तुमची सगळी चित्रं गेली, प्रोग्रॅम गेला, माग मुके झाले. मी नवीन मशीन आणतो, आतलं सगळं तिकडे हलवतो."

"हलवा ना," दादा म्हणाला. "विचारताय काय? शाळांच्या लेबलांचं काम तोंडावर आलंय. माग उभे राहिले तर मालक आम्हा सगळ्यांना घरी बसवतील."

"हलवतो. फक्त आतलं मशीन एकदा रीतसर बंद करावं लागेल."

वन्सं खुर्चीतून अर्धवट उठल्या. "तसंच नाही का नेता येणार? गोठवलेलं?"

"नाही. नव्या मशीनचं काळीज वेगळं आहे. या अवस्थेत झोपलेला हा तिथे उठणारच नाही. झोपलेल्या पेशंटला उचलून नाही नेता येत, वन्सं. उठवायचं, सगळं आवरायला लावायचं, आणि त्याच्या पायांनी चालवत न्यायचं." बोलता बोलता त्यांनी खालच्या पट्टीवरची मिटलेली खिडकी उघडली. "आणि हे काय उघडं ठेवलंय? म्हणूनच मशीन धापा टाकतंय." मेंढी पडद्यावर आली. दुपारचं बघणं अर्ध्यावर राहिलं होतं, त्यामुळे मेंढीला पाय आणि पोट एवढंच होतं. डॉक्टरने माउस सरळ केला आणि जाळीवर नेला.

वन्संनी त्यांचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी डॉक्टरच्या हातात रुतली.

 पलीकडे माग खडखडत होता.

"उद्या या," वन्सं म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "परवा सुट्टी आहे. सुट्टीनंतर या, डॉक्टर. मी स्वतः बंद करून ठेवते. शब्द देते."

डॉक्टर मनगट चोळत गेले. दादाने दार लावून घेतलं.

"वेड लागलंय का तुला? परक्या माणसाचा हात धरतेस? आणि कशासाठी, या ढगासाठी?"

"तो ढग नाही."

"मग काय आहे?"

"वहिनी आहे," त्या म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांनाच कसंसं झालं.

दादाचा चेहरा दगडासारखा झाला. "वहिनी गेली. मी माझ्या हातांनी सगळं केलंय. मशीन मशीन असतं."

"बस," त्या म्हणाल्या. "दादा, बस त्या स्टुलावर. माउसला हात लावू नकोस."

तो बसला. वन्संनी मागे जायला सुरुवात केली. पोटाची रेघ सुटत गेली, पाय विरघळले, जाळी कोरी झाली. मग पुढे. दादा आधी हाताची घडी घालून, तोंड वाकडं करून बघत होता. एक टाका घर चुकून पलीकडे पडला, पुसला गेला, जागेवर आला. दादाची घडी सुटली. दुसऱ्या वेटोळ्याला पुन्हा तसंच झालं, तेव्हा त्याने खुर्चीच्या पाठीला हात लावला, आपण उभे आहोत की बसलेले याची खात्री करून घेतल्यासारखा.

कान आला. लांब, टोकदार. मग पुसला गेला.

"थांब," दादा म्हणाला.

वन्सं थांबल्या.

"मी होतो इथे. याच दारात. मी म्हटलं, मेंढीला गाढवाचे कान कुणी लावले? तर ती म्हणाली, घरात बघून बघून तेच हाताला येतात." तो हसायला गेला, पण हसू निघालं नाही. "नंतर मी तेल घ्यायला गेलो. पुढे ने."

कान पुन्हा आला. जरा आखूड. पुसला गेला. मग लहानसा आला.

"माझं ऐकलंन," दादा म्हणाला. त्याचा आवाज आतून कुठून तरी आल्यासारखा वाटला. मग त्याने विचारलं, "हिला कळतंय का गं, आपण बघतोय ते?"

"हिला म्हणजे कुणाला?"

 तो नुसता कोपऱ्यातल्या तारखेकडे बघत राहिला, जिथे अजून थंडी होती.

घरी दोघं जेवली. भांडी आवरताना दादा एकदम म्हणाला, "मागावर घेऊ."

"काय?"

"अख्खी फीत. पहिली कोरी. मग एक टाका, तेवढंच विणायचं. मग दोन टाके, तेवढं विणायचं. तू एकेक पाऊल पुढे न्यायचंस, मी माग चालवतो. मशीन विसरेल. दोरा विसरत नाही."

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं गेली. मोठ्या खोलीत एकच माग चालू केला. बाकीचे माग धूळ झटकलेल्या चादरींखाली उभे होते. एकच माग चालू असला की त्याचा आवाज वेगळाच येतो. रोज अनेक आवाजांत मिसळलेला असतो, आज मात्र कुणी एकटंच बोलत असल्यासारखा, आणि दर वाक्यानंतर उत्तराची वाट बघत थांबत असल्यासारखा. वन्संनी माउस वायरीसकट काढून पिशवीत टाकला. जाळीवर टाका पाडायचा तो माउसनेच. पुढे-मागे जायला आणि मागाला हुकूम द्यायला कळफलक पुरत होता. कोऱ्या जाळीपर्यंत मागे गेल्या. मागाला हुकूम दिला.

"आली!" दादाने पलीकडून सांगितलं. कोरं लेबल.

एक पाऊल. हुकूम. "आली!" एक पाऊल. हुकूम.

फीत खाली उतरत होती. सारखं तेच लेबल विणणाऱ्या त्या मागाने जन्मात असं काम केलं नसेल. कोरं, मग एका खुराचा ठिपका, मग दोन, मग पाय, आणि पाय कुणाचे ते कळायच्या आत चार. वाऱ्यावर फीत जरा हलली, की ती काहीतरी न दिसणारं हळूहळू दिसायला लागल्यासारखी वाटे. दादाने ती जमिनीला टेकू दिली नाही. हातावर घेत, खांद्यावर टाकत गेला. दुपार उतरली. चुकलेले टाकेही विणले, पुसलेलेही. गाढवाचा कानही विणला. त्या वेळी दादा "आली" म्हणाला नाही, पण माग थांबल्याचं वन्संना ऐकू आलं.

शेवटचं वेटोळं झालं. पाठीवरचा तो टाका आला, जो वन्संच्या हातून सर्वांत आधी निसटला होता. मेंढी पुरी झाली, डोळ्याशिवाय. वन्संना ही जागा तोंडपाठ होती. इतके दिवस त्या रोज इथपर्यंत येत आणि इथेच थांबत. सापडली होती ती अशीच. याच्या पलीकडे काही नव्हतं. पलीकडे स्कूटर होती, दवाखाना होता. तिथे जायची त्यांना कधी छाती झाली नव्हती.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या. पण सकाळपासून बोटाला एकच लय लागलेली होती, हुकूम, पाऊल, हुकूम, पाऊल. तोंड "झालं" म्हणत असताना बोटाने आणखी एक पाऊल टाकलं.

पुढे काही नसलं की हे मशीन 'टुंग' करून नाही म्हणतं. टुंग झालं नाही.

मेंढीच्या डोक्यावर, कानाच्या जरा खाली, एका चौकोनात काळा टाका पडला होता.

ढग नाहीसा झाला. मेंढी वन्संकडे बघत होती.

त्यांनी खुर्ची मागे ढकलली. माउस त्यांच्या पिशवीत होता. खोलीत त्या एकट्या होत्या. "दादा," त्यांनी हाक मारली, आणि ती हाक इतकी हळू होती, की मागाच्या आवाजात पोहोचायचीच नाही. तरी तो आला. खांद्यावर फीत तशीच होती.

"हा कुणी काढला?" त्याने विचारलं.

"मी नाही."

"मग?"

वन्संनी 'मागे घ्या' दाबलं. डोळा मिटला. 'पुढे न्या' दाबलं. डोळा उघडला. पुन्हा दाबून बघितलं, आता टुंग झालं. यानंतर खरंच काही नव्हतं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं तरी अंगावरचा काटा बसेना. डोळा वहिनीनेच काढला होता. त्याच दुपारी, सगळ्यांत शेवटी. आणि काढून पुन्हा मागे घेतला होता. मग मशीन गोठवलं, चप्पल घातली. इतके दिवस तो डोळा एका पावलाच्या अंतरावर, मिटून, थांबलेला होता. वन्सं रोज त्याच्यासमोर येऊन परत जात होत्या.

"काढला तर पुसला कशाला?" दादा म्हणाला. "चांगला तर आहे."

"चांगलाच आहे."

"मग?"

"काय माहीत." वन्सं पडद्याकडे न बघता म्हणाल्या. "हिच्याकडे बघायला लागली असेल."

दादाने खांद्यावरची फीत सावरली. मग दादा म्हणाला, "घे. हाही विणू."

विणला. मागाने तो एक काळा टाका घातला आणि फीत संपली.

वन्संनी एकदा मागे घेतलं. डोळा मिटला. वहिनीने ठेवलं होतं तसंच चित्र त्यांनी जपून ठेवलं, खिडकी मिटली, दुसरी खिडकी मिटली, आणि आतल्या मशीनला बंद व्हायला सांगितलं. गोठायला नाही, बंद व्हायला. त्या खिडकीतल्या जुन्या निळ्या पडद्यावर एकेक वस्तू विझत गेली. शेवटी काळोखात नारिंगी अक्षरं उमटली: आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. आतून कुणीतरी परवानगी दिल्यासारखी ती अक्षरं तिथेच राहिली, आणि ती खिडकी वन्संनाच लावून घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने नवं मशीन लावलं. मनगट जरा लांबच ठेवून काम केलं. आतलं मशीन उठलं, सूर वाजला, मागाशी ओळख पटली. चित्रं सगळी जागच्या जागी होती. "आणि हे घड्याळही जुळवून टाकलं," डॉक्टर म्हणाले. "विचारायचं राहिलंच. चालेल ना?"

वन्संनी कोपऱ्यात बघितलं. आजची तारीख होती. एका क्षणात आत उन्हाळे, पावसाळे येऊन गेले होते, रात्री झाल्या होत्या, आणि वहिनी गेली होती.

"चालेल," त्या म्हणाल्या, आणि शाळांच्या लेबलांची पहिली जाळी उघडून कामाला लागल्या. गादी अजूनही एका बाजूला कलते. त्यांनी ती बदलू दिलेली नाही.

फीत दादाने रिळावर गुंडाळून दिली आहे. ते रीळ टेबलाच्या खणात असतं. वन्संना वाटलं तर त्या जेवणाच्या सुट्टीत ते काढतात आणि अंगठ्याखालून फीत सरकू देतात: खूर, पाय, पोट, कान, कान, कान. अंगठा भराभर चालवला तर हात भराभर चालतो, थांबला तर थांबतो. शेवटचं लेबल मात्र त्यांनी आतल्या बाजूला दुमडून, चार टाके घालून शिवून टाकलं आहे. नव्याने कामाला आलेल्या एका मुलीने विचारलं होतं, "वन्सं, हे टोक असं का शिवलंत?"

"टोचतं," त्या म्हणाल्या.

पण दुमडीवरून बोट फिरवलं, की आतला तो एक टाका हाताला लागतो. आणि कधी कधी, खण लावून घेतल्यावरही, त्यांना वाटतं की तो डोळा उघडा आहे.